सव्वीस जणांची यादी आणि तिच्या तळाची तीन नावे

कृष्णाकाठ (सांगली)

विश्वचषक फुटबॉल स्पर्धेचे संघ जाहीर झाले की आपल्याकडच्या गप्पा पहिल्या अकरा नावांभोवती फिरतात, आणि फार तर कोणाला डावलले यावरून दोन दिवस वाद रंगतो. माझ्या मते प्रशिक्षकाचा कस यादीच्या तळाशी लागतो. पहिली चौदा-पंधरा नावे गावभागातल्या कोणत्याही चहाच्या टपरीवर सांगून मिळतील. विसाव्या नावापुढे कोणाला घ्यायचे आणि कशासाठी घ्यायचे, हे ज्याला उमगले त्यालाच संघ बांधता येतो. त्यावर जाणकारांची मते ऐकावीत म्हणून हा धागा काढत आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. १९९८ पर्यंत प्रत्येक देशाला बावीस खेळाडू नेता येत असत, २००२ पासून तेवीस झाले आणि २०२२ मध्ये कतारच्या स्पर्धेसाठी ही मर्यादा सव्वीसवर गेली. करोनाची धास्ती, युरोपातील हंगाम ऐन भरात असताना नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये भरवलेली स्पर्धा आणि एका सामन्यात पाच बदली खेळाडू उतरवण्याची मुभा, ही त्यामागची कारणे होती. यादीत किमान तीन गोलरक्षक असावेच लागतात, हा नियम मात्र कायम आहे.

आता या वाढीव जागा भरण्याच्या दोन पद्धती दिसतात. एक म्हणजे गुणवत्ता यादी लावल्यासारखी उतरत्या क्रमाने नावे लिहीत जायची आणि सव्वीस भरले की रेघ मारायची. दुसरी म्हणजे स्पर्धेत कोणकोणते प्रसंग ओढवू शकतात याचा आधी विचार करायचा आणि प्रत्येक प्रसंगासाठी एक माणूस ठेवायचा. पहिल्या पद्धतीत विसावा खेळाडू हा दहाव्या खेळाडूची थोडी फिकी प्रत असतो, आणि दहावा धडधाकट असेपर्यंत त्याचा उपयोग शून्य.

यादी चुकली की काय होते याचे उदाहरण म्हणून मी २००६ चा इंग्लंडचा संघ नेहमी पुढे करतो. प्रशिक्षक एरिक्सन यांनी चारच आघाडीवीर नेले. त्यांपैकी रूनीच्या पायाचे हाड एप्रिलअखेर मोडलेले होते, ओवेन दीर्घ दुखापतीतून नुकताच परतला होता, आणि चौथा होता सतरा वर्षांचा थिओ वॉलकॉट, ज्याने तोवर आर्सेनलच्या मुख्य संघाकडून एकही सामना खेळलेला नव्हता. स्वीडनविरुद्ध पहिल्याच मिनिटात ओवेनचा गुडघा गेला, उपांत्यपूर्व फेरीत पोर्तुगालविरुद्ध रूनीला लाल कार्ड मिळाले आणि आघाडीवर एकटा क्राउच उरला. वॉलकॉट संपूर्ण स्पर्धेत एक मिनिटही मैदानावर उतरला नाही. म्हणजे प्रशिक्षकाने ज्याला नेले त्याच्यावर त्याचा स्वतःचाच भरवसा नव्हता.

याउलट २०१४ चा जर्मनीचा संघ पाहावा. ब्राझीलला निघण्याच्या आदल्या दिवशी आर्मेनियाविरुद्धच्या मैत्रीपूर्ण सामन्यात मार्को रॉइसचा घोटा दुखावला. रॉइस हा आक्रमक खेळाडू होता, पण योआखिम ल्योव यांनी त्याच्या जागी दुसरा आक्रमक न घेता मुस्ताफी या बचावपटूला बोलावले, कारण पुढच्या फळीत त्यांच्याकडे माणसे पुरेशी होती आणि मागे कमी पडण्याची शक्यता अधिक होती. पुढे अंतिम सामन्याच्या सरावातच खेदिराची पोटरी धरली आणि ऐनवेळी क्रामर या तरुण मध्यरक्षकाला उतरवावे लागले. तोवर तो या स्पर्धेत बदली म्हणून थोडाच वेळ खेळला होता. अर्जेंटिनाच्या गारायशी टक्कर होऊन क्रामरच्या डोक्याला मार लागला, आणि हा अंतिम सामनाच आहे ना, असे तो पंचांनाच विचारू लागला. एकतिसाव्या मिनिटाला त्याच्या जागी शुर्ले आला. ११३ व्या मिनिटाला डावीकडून चेंडू आत टाकला तो याच शुर्लेने, आणि तो छातीवर घेऊन गोल केला तो क्लोजच्या जागी आलेल्या ग्योट्झेने. विश्वचषक जिंकून देणारा गोल बाकावरून आलेल्या दोघांनी मिळून घडवला.

माझा प्रश्न असा की, सव्वीस ही संख्या आवश्यक आहे का, आणि असेल तर शेवटच्या तीन जागांवर तुम्ही कोणाला बसवाल?

अजिंक्यतारा (सातारा)

धागा आवडला, पण निष्कर्ष पूर्ण पटला नाही. निकाल कळल्यावर यादीत शहाणपण शोधणे सोपे असते. अर्जेंटिनाविरुद्धचा तो गोल झाला नसता तर आपण ल्योव यांच्या नियोजनाचे गोडवे गायले नसते. उलट एकच अस्सल मध्य-आघाडीवीर, तोही छत्तीस वर्षांचा क्लोज, घेऊन गेल्याबद्दल त्यांना धारेवर धरले असते.

२०२२ च्या फ्रान्सच्या संघाचा विचार करून पाहा. देशाँ यांनी आधी पंचवीसच नावे जाहीर केली होती. नंतर सव्विसावा म्हणून मार्कस थुराम आला. एन्कुंकू सरावात जखमी झाल्यावर कोलो मुआनीला बोलावणे गेले. स्पर्धा सुरू होण्याच्या तोंडावर बेन्झेमाही बाद झाला, आणि पहिल्या सामन्याच्या चोवीस तास आधीपर्यंत पर्यायी खेळाडू घेण्याची नियमानुसार मुभा असूनही देशाँ यांनी ती जागा रिकामीच ठेवली. अंतिम सामन्यात अर्जेंटिनाविरुद्ध दोन गोलांनी मागे पडल्यावर त्यांनी ४१ व्या मिनिटाला जिरू आणि डेम्बेले यांना काढले आणि कोणाला उतरवले? याच थुराम आणि कोलो मुआनी यांना. कोलो मुआनीने पेनल्टी मिळवून दिली, थुरामच्या पासवर एम्बापेने दुसरा गोल केला, आणि जादा वेळेच्या अगदी अखेरीस कोलो मुआनीचा फटका एमिलियानो मार्टिनेझने डाव्या पायाने अडवला नसता तर चषक पॅरिसला गेला असता. जे दोघे मूळ यादीत नव्हतेच, त्यांनी सामना फिरवला होता. यात आखणी किती आणि योगायोग किती, हे तुम्हीच सांगा.

शालेय संघ निवडण्याचे काम मी काही वर्षे केले आहे, त्यावरून एक गोष्ट खात्रीने सांगू शकतो. निवड चाचणीच्या दिवशी शाहू स्टेडियमवर जो मुलगा नजरेत भरतो, तो आणि स्पर्धेच्या तिसऱ्या दिवशी उपयोगी पडतो तो मुलगा, हे बहुधा वेगळे असतात. प्रवेशिकेवर मुख्याध्यापकांची सही-शिक्का झाला आणि जन्मदाखल्यांची चळत जिल्हा क्रीडा कार्यालयात पोहोचली की नाव बदलता येत नाही. म्हणून शेवटच्या दोन रकान्यांत मी नेहमी असा मुलगा लिहिला, जो बाकावर बसूनही पाण्याच्या बाटल्या भरतो, ज्याला दोन जागांवर खेळता येते आणि ज्याचे वडील 'आमच्या पोराला का खेळवले नाही' म्हणून मैदानाबाहेर भांडत नाहीत.

डावखुरा (इस्लामपूर)

वडिलांचा मुद्दा विश्वचषकाच्या नियमावलीतही यायला हवा. बाकी मी सव्विसाच्या बाजूने आहे. जागा आहे तर माणसे न्यावीत.

मिरजकर (मिरज)

गोलरक्षकांबद्दल कोणी बोललेले नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो, कारण मी स्वतः रेल्वेच्या मैदानावर गोलखांबांतच उभा राहून मोठा झालो.

तीन गोलरक्षक नेण्याची सक्ती अनेकांना उधळपट्टी वाटते. उत्तर कोरियालाही २०१० मध्ये तशीच वाटली असावी. त्यांनी किम म्योंग-वोन या आघाडीवीराचे नाव तिसरा गोलरक्षक म्हणून लिहून दिले. हेतू हा की, यादीत एक आक्रमक जास्त बसेल. फिफाने स्पष्ट कळवले की गोलरक्षक म्हणून नाव आहे, तर त्याला गोलरक्षक म्हणूनच खेळता येईल. चलाखी अंगाशी आली आणि एक जागा वाया गेली.

दुसरा गोलरक्षक किती मोलाचा असतो हे १९९० मध्ये अर्जेंटिनाने अनुभवले. सोव्हिएत संघाविरुद्धच्या सामन्यात सुरुवातीलाच नेरी पुंपिदोचा पाय मोडला आणि गोयकोचिआ आत आला. पुढे युगोस्लाव्हिया आणि यजमान इटली या दोघांनाही अर्जेंटिनाने पेनल्टी शूटआउटमध्ये हरवले ते याच बदली गोलरक्षकाच्या जोरावर. पहिल्या पसंतीचा गोलरक्षक शाबूत राहिला असता तर तो संघ अंतिम फेरीपर्यंत पोहोचला असता का, असा प्रश्न मला आजही पडतो.

प्रसंग आधी हेरून त्यासाठी माणूस ठेवण्याचा जो विचार कृष्णाकाठ यांनी मांडला, त्याचे सर्वांत निखळ उदाहरण माझ्या मते २०१४ चे नेदरलँड्स हे आहे. कोस्टा रिकाविरुद्धचा उपांत्यपूर्व सामना जादा वेळेतही गोलशून्य राहिला, आणि शिट्टी वाजायला काही क्षण उरले असताना लुई व्हान खाल यांनी सिलेसनला बाहेर बोलावून टिम क्रुलला पाठवले. क्रुल उंच आणि लांब हातांचा, आणि पेनल्टी अडवण्याची तयारी त्याच्याकडून आधीच करून घेतलेली होती. त्याने पाचही वेळा अचूक दिशेला झेप घेतली आणि दोन फटके अडवले. पुढच्या सामन्यात अर्जेंटिनाविरुद्ध पुन्हा तीच वेळ आली, पण तोवर त्या काळी मुभा असलेले तिन्ही बदल वापरून झाले होते. सिलेसनलाच उभे राहावे लागले आणि डच संघ हरला. माणूस यादीत असून भागत नाही, त्याला उतरवायला एक बदल शिल्लकही ठेवावा लागतो. तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात शेवटी तिसरा गोलरक्षक व्होर्मही उतरला आणि तेवीसच्या तेवीस खेळाडू वापरणारा तो पहिला संघ ठरला. ब्राझीलच्या तिते यांनी २०२२ मध्ये दक्षिण कोरियाविरुद्ध वेव्हर्टनला उतरवून सव्वीसही पूर्ण केले, परंतु तेव्हा गुणफलक ४-१ होता. तो बदल सौजन्याचा होता, डावपेचाचा नव्हता.

तिसऱ्या गोलरक्षकाचे खरे काम सरावात असते. दोन गट पाडून सामना खेळायचा तर दोन्ही टोकांना गोलरक्षक हवेत, आणि नेमबाजीच्या सरावात तिसराच शेकडो फटके अंगावर घेतो, म्हणून पहिल्याचे खांदे आणि बोटे शाबूत राहतात. जिल्हा पातळीवर आम्ही दोघांत एक ग्लोव्ह्जची जोडी वापरत असू, आणि मध्यंतरात ओली जोडी हातात चढवताना जो थंड चिकटपणा लागतो तो दुसऱ्या गोलरक्षकालाच ठाऊक.

चांदोली (शिराळा)

आपण सगळे पुरुषांच्या स्पर्धांबद्दल बोलत आहात. संख्येचा प्रश्न सर्वांत क्रूरपणे समोर आला तो आपल्याच महाराष्ट्रात, आणि तो महिलांच्या स्पर्धेत.

जानेवारी २०२२ मध्ये महिलांचा आशियाई चषक नवी मुंबई, मुंबई आणि पुणे येथे झाला. यजमान भारताने पहिल्या सामन्यात इराणशी गोलशून्य बरोबरी केली. दुसरा सामना २३ जानेवारीला चिनी तैपेईशी होता. त्याआधी संघात करोनाचा इतका फैलाव झाला की तेवीस जणींच्या संघातून सामन्यासाठी आवश्यक असलेल्या किमान तेरा खेळाडूही उभ्या करता आल्या नाहीत. सामना झाला नाही, नियमानुसार भारत स्पर्धेतून माघार घेतल्याचे धरले गेले, आणि विश्वचषकाच्या पात्रतेची जी संधी घरच्या मैदानावर चालून आली होती ती एकही गोल न खाता हातची गेली. ज्यांना सव्वीस ही चैन वाटते त्यांनी हा सामना आठवावा. आणखी तीन खेळाडू असत्या तर नक्की काही बदलले असते असा माझा दावा नाही, कारण संसर्ग आकडे पाहून थांबत नाही. पण मोठ्या यादीचा विचार साथीच्या काळातच का पुढे आला हे मात्र त्यावरून समजते. त्याच संघातील काही जणींनी २०२५ मध्ये थायलंडला त्यांच्याच देशात हरवून पुढच्या आशियाई चषकाची पात्रता मैदानावर मिळवली, याची नोंद इथे असावी असे वाटते.

दुसरा मुद्दा असा की, यादी प्रशिक्षक करतो हे गृहीतकही आपल्याकडे नेहमी खरे ठरत नाही. हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धा फिफाने राखून ठेवलेल्या कालावधीत येत नव्हत्या, त्यामुळे खेळाडू सोडण्याचे बंधन क्लबांवर नव्हते, आणि आयएसएलचा (इंडियन सुपर लीगचा) हंगाम नेमका त्याच आठवड्यात सुरू होत होता. भारताचे तेव्हाचे प्रशिक्षक स्टिमाच यांना हवे असलेले अनेक खेळाडू मिळाले नाहीत. जे मिळाले ते सामन्याच्या आदल्या दिवशी चीनमध्ये उतरले आणि १९ सप्टेंबर २०२३ रोजी यजमानांकडून १-५ असे हरले. पुढे बांगलादेशला हरवून आणि म्यानमारशी बरोबरी साधून तो संघ बाद फेरीत गेला, याचे मला खरोखर कौतुक वाटते, कारण त्या मुलांनी एकमेकांबरोबर धड सरावही केलेला नव्हता.

कृष्णाकाठ (सांगली)

चांदोली यांचा प्रतिसाद मूळ लेखापेक्षा सरस आहे. क्लबांच्या मुद्द्याला एक पुस्ती जोडतो. विश्वचषकासाठी क्लबांना खेळाडू सोडावेच लागतात, शिवाय त्याचा मोबदलाही मिळतो. २०२२ मध्ये फिफाने त्यासाठी २० कोटी ९० लाख डॉलर बाजूला काढले होते आणि एका खेळाडूमागे दिवसाला सुमारे १० हजार डॉलर पडत होते. तेव्हा बाकावर बसून राहिलेला सव्विसावा खेळाडूही त्याच्या क्लबला कमाई करून देत होता. यादी वाढल्याबद्दल क्लबांनी फारशी ओरड केली नाही, त्यात या रकमेचाही वाटा असावा असा माझा तर्क आहे.

अजिंक्यतारा यांच्या आक्षेपाबद्दल एवढेच म्हणेन की, योगायोग मलाही मान्य आहे, पण योगायोगाला हाताशी माणूस लागतो. थुराम आणि कोलो मुआनी हे ताकदीचे, उंच आणि वेगवान खेळाडू होते. जिरू थकल्यावर तसाच कोणी लागणार हे देशाँ यांना दिसत होते.

दोन जागांवर खेळणारा मुलगा, हा तुमचा निकष मात्र मला शंभर टक्के मान्य आहे, आणि त्याचा सर्वांत मोठा दाखला आपल्याच इतिहासात आहे. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत बचावपटू जर्नेल सिंग यांच्या डोक्याला टाके पडले होते. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी त्यांना विश्रांती देण्याऐवजी आघाडीला उभे केले. उपांत्य सामन्यात त्यांनी गोल केला, अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्ध पुन्हा केला, आणि भारताने २-१ असे सुवर्णपदक जिंकले.

वारणाकाठ (कोडोली)

माझा मुद्दा थोडा वेगळा आहे, पण यादीचाच आहे. २०२२ मध्ये उपांत्य फेरी गाठणाऱ्या मोरोक्कोच्या सव्वीसपैकी चौदा खेळाडू मोरोक्कोबाहेर जन्मले होते. हाकिमी माद्रिदचा, झियेश नेदरलँड्सचा, गोलरक्षक बुनू मॉन्ट्रियलचा. म्हणजे निवडीचे कुंपण किती लांब टाकायचे हेही आधी ठरवावे लागते. आपल्याकडे भारतीय पासपोर्टशिवाय राष्ट्रीय संघात खेळता येत नाही, म्हणून परदेशस्थ भारतीय वंशाचे खेळाडू बाहेरच राहतात. जपानमध्ये जन्मलेल्या इझुमी अराताने जपानचे नागरिकत्व सोडून भारताचे घेतले आणि २०१३ मध्ये तो भारताकडून खेळला. तो तेव्हा पुण्याच्या क्लबात होता. असा त्याग फार थोडे करतात.

आमच्या पट्ट्यात कोल्हापूरच्या पेठांत जेवढा फुटबॉल चालतो, त्या मानाने राष्ट्रीय यादीत आपली नावे किती? २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकातील भारताच्या एकवीस जणांत कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, त्याच यादीत एकट्या मणिपूरचे आठ होते. परदेशात शोधण्याआधी इथले कुंपण जरा सैल केले तरी बरेच साधेल.

अजिंक्यतारा (सातारा)

वारणाकाठ यांच्याशी सहमत. मूळ प्रश्नाकडे परत येतो, कारण एका निकषाचा उल्लेख राहून गेला, तो म्हणजे स्वभाव.

२०१८ मध्ये नायजेरियाविरुद्धच्या सामन्यात अखेरच्या मिनिटांत बदली म्हणून उतरायला क्रोएशियाच्या कालिनिचने नकार दिला. पाठदुखीचे कारण पुढे आले. प्रशिक्षक दालिच यांनी त्याला सरळ घरी पाठवले आणि बावीस जणांनिशी क्रोएशिया अंतिम फेरीत गेला. २००२ मध्ये आयर्लंडचा कर्णधार रॉय कीन सायपान बेटावरील शिबिरातूनच भांडून परतला. ते बावीस जणही बाद फेरीपर्यंत पोहोचले. त्याच वर्षी सारा ब्राझील रोमारिओसाठी आग्रह धरत असताना स्कोलारी यांनी त्याला घरीच ठेवले आणि सातही सामने जिंकून चषक आणला. या तिन्ही ठिकाणी एक नाव कमी असून अडले नाही. तेव्हा सव्वीस भरलेच पाहिजेत असे नाही. नाराज सव्विसावा नेण्यापेक्षा पंचवीस बरे.

डावखुरा (इस्लामपूर)

चर्चा झाली, आता कृष्णाकाठ यांनी स्वतःच्या तीन जागा सांगाव्यात. प्रश्न विचारणाऱ्याने हात झटकून बाजूला होऊ नये.

कृष्णाकाठ (सांगली)

सांगतो. एक, पेनल्टीसाठी तयार केलेला गोलरक्षक, मग बाकी खेळात तो तिसरा का असेना. दोन, बचावात डावीकडे, उजवीकडे आणि मध्ये, तिन्हीकडे चालणारा खेळाडू. आणि स्वभावाने तो अजिंक्यतारा यांच्या बाटल्या भरणाऱ्या मुलासारखा असावा. तीन, अठरा-एकोणीस वर्षांचा एखादा मुलगा, जो या वेळी खेळणार नाही पण चार वर्षांनी संघ खांद्यावर घेईल. १९९४ मध्ये सतरा वर्षांचा रोनाल्डो ब्राझीलच्या बाकावर बसून राहिला, एक मिनिटही खेळला नाही. १९९८ मध्ये तोच स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू ठरला. २००२ मध्ये वीस वर्षांचा काका असाच नावापुरता उतरला होता.

अजिंक्यतारा (सातारा)

पहिल्या दोन जागा मान्य. तिसरीवर माझी हरकत आहे, आणि तिचे उदाहरण तुम्हीच पहिल्या लेखात दिलेले आहे. वॉलकॉटलाही २००६ मध्ये भविष्य म्हणूनच नेले होते. चार वर्षांनी कापेलो यांनी त्याला यादीतच घेतले नाही, २०१४ च्या स्पर्धेआधी गुडघ्याच्या दुखापतीने तो बाहेर पडला, आणि विश्वचषकाच्या सामन्यात तो कधी खेळलाच नाही. जो या महिन्यात जादा वेळेत थकलेल्या उजव्या बचावपटूची जागा घेऊ शकेल, असा तिशीतला खेळाडू मी तिसऱ्या जागेवर नेईन.